जुन्या तिजोरीचं नंबरी कुलूप: प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

तिजोरी ताब्यात आली तेव्हा दार सताड उघडं होतं. या कामात याहून मोठी जमेची बाजू नाही. आकडे कुणालाच माहीत नाहीत, चिठ्ठी नाही, जुनं कार्ड नाही. दार एकदा लागलं आणि डायल फिरली की पुढचं सगळं ड्रिलवाल्याच्या हातात.

म्हणून पहिल्यांदा हँडल फिरवून दाराच्या कडेचे बोल्ट बाहेर काढून ठेवले. बोल्ट बाहेर असले की दार चौकटीत बसतच नाही. बिजागरीच्या बाजूला लाकडाचा ठोकळाही सरकवला. डायलला हात लावलेला नाही, कुणी लावू नये म्हणून तिच्यावर कागदी टेप चिकटवली आहे. कारण सरळ आहे: कुलूप सध्या उघडलेल्या स्थितीत आहे, म्हणजे आतल्या चकत्या या क्षणी बरोबर आकड्यांवर उभ्या आहेत. कुणीतरी शेवटचे लावलेले आकडे धातूत जसेच्या तसे शिल्लक आहेत. डायल सहज म्हणून गरकन फिरवली तर ते पुसले जातील.

दाराच्या आतल्या बाजूला हात घालण्याआधी टॉर्चनं एक गोष्ट बघून घेतली. अमेरिकेत 1920 आणि 1930 च्या दशकांत बऱ्याच तिजोऱ्यांच्या दारात चोरांसाठी अश्रुधुराची सोय बसवली जात असे. धातूच्या पट्टीत किंवा डबीत काचेची नळी, नळीत क्लोरोपिक्रिन. तिजोरी जुनी असली तरी ही नळी नंतर बसवलेली असू शकते, आणि आतलं रसायन इतक्या वर्षांनीही तितकंच घातक असतं. इथं तसं काही नाही. असतं तर काम तिथंच थांबवून ते काढणाऱ्या जाणकाराला बोलावलं असतं.

दार भयंकर जड आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये अग्निरोधक भराव आहे. त्या काळी सिमेंट, प्लास्टर, तुरटी असली मिश्रणं भरत. आगीत तापली की त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि आतले कागद वाचतात. पण तोच ओलावा वर्षानुवर्षं आतून लोखंड खातो. काही भरावांत ॲस्बेस्टॉसही असतं, त्यामुळे या दाराला कुठंही भोक पाडायचं नाही हे आजच ठरवून टाकलं.

6 जानेवारी

बाहेरून पाहणी. दारावरचं रंगवलेलं नाव कुणीतरी घासून त्यावर काळा रंग मारला आहे. सोनेरी बारीक रेघा कोपऱ्यांत तेवढ्या उरल्या आहेत.

तिजोरीवरच्या नावावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. पेटी एकाची आणि कुलूप दुसऱ्याचं, हा प्रकार अमेरिकी तिजोऱ्यांत सर्रास होता. मॉस्लर, डायबोल्ड, यॉर्क यांसारखे कारखाने तिजोऱ्या करत, तर येल किंवा सार्जंट अँड ग्रीनलीफ यांची कुलपं कितीतरी वेगवेगळ्या तिजोऱ्यांवर दिसतात. पेटीवरचं नाव काळ ठरवायला मात्र उपयोगी पडतं. हेरिंग, हॉल आणि मार्व्हिन ही तीन नावं एकत्र दिसली तर तिजोरी 1892 मधल्या त्यांच्या विलीनीकरणानंतरची, हे लगेच कळतं. इथं ती वाट बंद आहे, तेव्हा कुलपालाच विचारायचं.

डायल पितळेची, वर निकेलचा मुलामा. बोटं लागतात त्या कडेला मुलामा उडून पितळ उघडं पडलं आहे. 0 ते 99 असे शंभर भाग, दर दहावर आकडा. भोवतीच्या कड्यावर वरच्या बाजूला एकच खूण आहे. ही एकच खूण महत्त्वाची. ज्या कुलपांचे आकडे किल्लीनं बदलता येतात त्यांच्या कड्यावर सहसा दुसरी एक खूण असते, वरच्या खुणेपासून थोडी डावीकडे, आणि ती फक्त आकडे बदलताना वापरायची. इथं दुसरी खूण नाही. म्हणजे चकत्या बाहेर काढून हातानं बदलायचं कुलूप असणार, हा पहिला अंदाज.

11 जानेवारी

दाराच्या आतलं पातळ झाकण काढलं. मध्यभागी हँडलला जोडलेली पट्ट्यांची यंत्रणा, तीच ते जाड बोल्ट मागेपुढे करते. एका बाजूला तळहाताएवढी ओतीव लोखंडी पेटी, तेच कुलूप. कुलपाची स्वतःची जीभ अंगठ्याएवढी असेल. तिचं काम फक्त या पट्ट्यांना अडवून धरायचं. दार घट्ट धरतात ते मोठे बोल्ट, आणि बोल्टना हलू द्यायचं की नाही हे ही छोटीशी जीभ ठरवते. पहिल्यांदा बघणाऱ्याचा इथं हमखास गोंधळ होतो.

कुलपाच्या झाकणाला चार स्क्रू. तीन सरळ खाचेचे, चौथा अधिक-चिन्हाच्या खाचेचा. हा चौथा स्क्रू म्हणजे पुरावाच. फिलिप्स खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्याला कारखान्यांत वापरात आले. कुलूप त्याहून कितीतरी जुनं दिसतं, तेव्हा नंतर कधीतरी कुणीतरी हे झाकण उघडलं होतं आणि एक स्क्रू हरवला होता. आकडे कारखान्यातले मूळचे असतील ही शक्यता त्यामुळे जवळपास संपली.

झाकण काढण्याआधी त्याच्या मागून एखादा ताणलेला खटका तर जात नाही ना, हे कडेच्या फटीतून पाहिलं. नंतरच्या काळातल्या कुलपांत झाकण हललं की दुसरा अडसर पडून सगळं कायमचं अडकवणारी सोय असते. इथं ती नाही.

झाकणावर पेटंटची तारीख ठोकलेली आहे. 17 मार्च 188 इतकं स्वच्छ, शेवटच्या अंकाचा वरचा भाग झिजलेला. खालचं उरलेलं गोल वळण 3 चं असेल, 5 चं असेल किंवा 8 चंही.

12 जानेवारी

तारखेचा उलगडा झाला, आणि तोही कुठलीही यादी न चाळता. अमेरिकी पेटंट मंगळवारी दिली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची ती रीत आहे. 17 मार्चला 1883 साली शनिवार होता, 1888 सालीही शनिवार. 1885 साली मंगळवार. अंक 5 आहे.

यावरून कुलूप 1885 सालचंच असं मात्र म्हणता येत नाही. तेव्हा पेटंटची मुदत 17 वर्षांची होती आणि साचा बदलेपर्यंत तीच तारीख ओतली जात राही. ठाम विधान एवढंच: मार्च 1885 च्या आधीचं नाही.

18 जानेवारी

आज झाकण उघडून नीट बसून पाहिलं. डायलवरची टेप अजून तशीच आहे. आधी फोटो काढले, सरळ आणि दोन्ही बाजूंनी तिरपे.

सगळ्यात वर, म्हणजे मागून बघणाऱ्याच्या सर्वांत जवळ, पितळी कॅम, म्हणजे कडेला खाच असलेली चकती. डायलचा दांडा दारातून आरपार येतो आणि या कॅमला घट्ट जोडलेला असतो. डायल फिरते तेवढीच आणि तशीच फिरणारी आत ही एकच वस्तू. कॅमच्या पलीकडे एकामागे एक तीन चकत्या. त्या दांड्याला जोडलेल्या नाहीत, एका नळीवर मोकळ्या बसल्या आहेत. प्रत्येकीच्या परिघावर एक चौकोनी खाच आहे. तिन्ही खाचा या क्षणी एका रेषेत आहेत, आणि त्यांत जिभेला जोडलेल्या लिव्हरची आडवी पट्टी बसलेली आहे. लिव्हरचं पुढं आलेलं नाक कॅमच्या खाचेत अडकलं आहे. कुणाला माहीत किती वर्षं हे असंच थांबलेलं होतं! आरसा तिरका धरून सर्वांत आतली चकती पाहिली, तिचीही खाच पट्टीखाली अगदी बरोबर आहे.

लिव्हरला स्प्रिंग नाही. ती फक्त स्वतःच्या वजनानं खाली पडते. म्हणजे हे कुलूप याच दिशेनं उभं असताना चालणार. दार काढून आडवं ठेवलं तर आकडे बरोबर लावूनही उघडणार नाही. अशी कुलपं टेबलावर आडवी ठेवून तपासतात आणि बिघडली म्हणून बाजूला टाकतात, याचं वाईट वाटतं.

19 जानेवारी

चकत्या फिरतात कशा, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं. कॅमच्या अंगाला एक खुंटी आहे. डायल फिरवली की सुरुवातीला फक्त कॅम फिरतो. जवळपास पूर्ण फेरा झाला की खुंटी शेजारच्या चकतीच्या खुंटीला टेकते आणि तिला सोबत घेते. आणखी एका फेऱ्यानं ती चकती पुढचीला घेते, त्याहून एका फेऱ्यानं तिसरी. मालगाडीचे डबे हिसका बसत एकामागून एक हलतात, तसंच हे. दिशा उलटली की हाच क्रम पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे पहिला आकडा कॅमपासून सर्वांत लांबच्या चकतीचा, आणि शेवटचा आकडा कॅमला लागून असलेल्या चकतीचा. लांबची चकती आधी जागेवर आणून सोडायची, मग दिशा उलटून मधली, पुन्हा उलटून जवळची. दर वेळी एक फेरा कमी, कारण मागे ठेवलेल्या चकतीला धक्का लागता कामा नये. पहिला आकडा चार वेळा, दुसरा तीन वेळा, तिसरा दोन वेळा हे नेहमीचं सूत्र एवढ्यासाठी आहे. चार वेळा म्हणजे चार पूर्ण फेरे नव्हेत. तो आकडा खुणेखाली चौथ्यांदा आला की थांबायचं.

खुंट्यांना जाडी असते. एका बाजूनं टेकली आणि दुसऱ्या बाजूनं टेकली यांत काही आकड्यांचा फरक पडायला हवा. तो पडू नये म्हणून प्रत्येक चकतीवर खुंटीच्या जागी एक छोटी हलती पट्टी आहे. ती खुंटीच्या जाडीइतकी इकडून तिकडे सरकते आणि दोन्ही दिशांचा हिशेब सारखा करते. काडेपेटीच्या काडीएवढा तुकडा, पण तो घाणीनं चिकटला की बरोबर आकडे लावूनही कुलूप उघडत नाही. या तिघींपैकी मधल्या चकतीची पट्टी सुस्त आहे.

सुरुवात कोणत्या दिशेनं करायची, हा खरा प्रश्न होता. बहुतेक अमेरिकी कुलपांत डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं सुरू करतात आणि शेवटी उजवीकडे वळून उघडतात. पण हा नियम गृहीत धरायची गरजच नाही, कॅम स्वतः सांगतो. कॅमच्या खाचेची एक कड उतरती आहे, दुसरी सरळ आणि किंचित आत वळलेली. नाकाला धरून ओढू शकेल अशी ही दुसरीच. ती ओढते केव्हा, तर डायल डावीकडे फिरवल्यावर. मागून पाहताना डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून दिशा कायम डायलसमोर उभं राहूनच लिहून घ्यायची. तर शेवटची दिशा डावी, म्हणून तिसरा आकडा उजवीकडे, दुसरा डावीकडे, पहिला उजवीकडे. हे कुलूप उजवीकडून सुरू होतं. सरळ कड चकचकीत घासलेली आहे आणि उतरती कड काळसर, त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही.

25 जानेवारी

टेप काढली. आज आकडे वाचले.

कृती अशी. डायल उजवीकडे बरेच फेरे फिरवायची, म्हणजे तिन्ही चकत्या सोबत येतात. मग अगदी सावकाश, लांबच्या चकतीची खाच पट्टीच्या बरोबर खाली येईपर्यंत. डायलवरचा आकडा लिहायचा. दिशा उलटून मधलीसाठी तेच, पुन्हा उलटून जवळचीसाठी तेच. शेवटी डावीकडे. नाक खाचेत उतरल्याचा बारीक टक् असा आवाज आला आणि जीभ मागे गेली. 18 तारखेच्या फोटोंशी ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं. आकडे इथं लिहीत नाही, आणि अशा नोंदींत कुणीही लिहू नयेत.

उघडं कुलूप किती बोलतं, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लॉस अलामॉस इथल्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत असताना सहकाऱ्यांची फायलींची कपाटं उघडी दिसली की गप्पा मारता मारता ते डायल चाळवत आणि शेवटचे दोन आकडे काढून घेत. उरलेला एक आकडा शोधणं मग काही मिनिटांचं काम. तेव्हा ज्यांच्या तिजोरीत खरंच मोलाचं काही आहे त्यांनी दार उघडं असतानाही डायल फिरवून ठेवावी.

1 फेब्रुवारी

सफाई. चकत्यांचा गठ्ठा बाहेर काढला आणि ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवला. चकत्यांच्या मधल्या पातळ वॉशरना आतल्या बाजूला एक छोटा दात आहे, तो नळीवरच्या खोबणीत बसतो. त्यामुळे वॉशर फिरत नाही, आणि एक चकती फिरताना शेजारचीला घासून सोबत नेत नाही. दात नीट न बसवता गठ्ठा परत आवळला तर लावलेले आकडे आतल्या आत सरकत राहतात आणि बाहेर कळतही नाही.

जुनं ग्रीस वाळून तपकिरी वार्निश झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं ते निघालं. चकत्यांच्या अंगाला तेल लावलेलं नाही, मुद्दामच. तेलानं चकत्या एकमेकींना चिकटतात आणि धूळ धरतात. ग्रीसचा अगदी पुसट हात फक्त जिभेच्या दोन्ही कडांना आणि लिव्हरच्या स्क्रूला. मधल्या चकतीची ती सुस्त पट्टी आता बोटाच्या हलक्या टिचकीनं मोकळी हलते.

चकत्यांची रचनाही आता स्पष्ट झाली. प्रत्येक चकती दोन भागांची आहे: खाच असलेलं बाहेरचं कडं आणि आतला दातेरी गाभा. कड्याच्या आतल्या बाजूला 50 दाते. गाभा ढकलून काढून एक दात पुढे बसवला की आकडा दोननं बदलतो. डायलभोवती दुसरी खूण का नाही, याचं उत्तर मिळालं.

8 फेब्रुवारी

किती चूक चालते, हे मोजलं. प्रत्येक आकडा एकानं कमी किंवा जास्त लावला तरी उघडतं, दोननं चुकलं की पट्टी चकतीच्या कडेवर अडते. शंभर भागांच्या डायलवर तीन आकडे म्हणजे कागदावर दहा लाख जोड्या होतात. प्रत्येक चकतीला तीन आकड्यांची सूट धरली की त्या छत्तीस हजारांच्या आसपास उरतात. एका प्रयत्नाला अर्धा मिनिट धरलं तरी सलग 300 तास लागतील. एकोणिसाव्या शतकातल्या तिजोरीला एवढं पुरेसं होतं.

त्या काळी खरी भीती होती ती एकेक जोडी लावून पाहणाऱ्याची नव्हे, चकत्यांचा स्पर्श डायलवरून वाचणाऱ्याची. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या जेम्स सार्जंटनं 1860 च्या दशकात चुंबकीय कुलूप आणलं ते याच भीतीवर उपाय म्हणून, आणि 1873 मध्ये घड्याळाचं कुलूप, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी आकडे माहीत असणाऱ्यालाही दार उघडता येऊ नये. माझ्या कुलपात तशा युक्त्या नाहीत. स्पर्शानं वाचणाऱ्याला चकवणाऱ्या फसव्या उथळ खाचाही चकत्यांवर नाहीत. कार्यालयातली वह्या-कागदपत्रं आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीचं प्रामाणिक कुलूप आहे हे, आणि मला ते तसंच आवडतं.

14 फेब्रुवारी

आकडे बदलले. जुने आकडे अज्ञात माणसांना ठाऊक असणार, त्यामुळे ठेवण्यात अर्थ नव्हता. निवडताना दोन पथ्यं पाळली. शेजारचे आकडे फार जवळजवळ घेतले नाहीत. आणि तिसरा आकडा, कॅमची खाच नाकाखाली येते त्या पट्ट्यात ठेवला नाही, नाहीतर तिसरी चकती जागेवर बसण्याआधीच नाक खाचेच्या कडेवर पडतं. नवे आकडे दार उघडं ठेवून, बोल्ट बाहेर काढून, पुन्हा पुन्हा लावून पाहिले. माझ्याखेरीज घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही लावून घेतले. हात बदलला की वाचायची सवय बदलते आणि तेव्हाच खुणेचा खरा कस लागतो.

16 फेब्रुवारी

दार पहिल्यांदा लावलं. आकडे लावले, शेवटी डावीकडे वळवलं, आणि डायल अर्ध्यात घट्ट झाली. नाक खाचेत उतरल्याचं बोटांना कळत होतं, म्हणजे आकडे बरोबर होते. अडचण जिभेची होती. दार लागल्यावर बोल्ट चौकटीवर दाबले जातात, तो दाब पट्ट्यांमधून कुलपाच्या जिभेवर येतो, आणि इतक्या लहान जिभेला तो पेलून मागे सरकता येत नाही. इथं डायलवर जोर करायचा नसतो. हँडल उघडण्याच्या उलट दिशेला, बंद करण्याच्या बाजूला हलकंसं दाबून धरलं, दुसऱ्या हातानं डायल वळवली, आणि जीभ लोण्यासारखी मागे गेली.

दाराच्या कडेला, वरच्या बोल्टच्या समोर, चौकटीवर ताजी घासल्याची खूण आहे. बिजागरी किंचित बसली असावी. पुढच्या खेपेला बिजागरीखाली पातळ चकती घालून दार उचलून बघायचं, तोवर हँडल दाबून धरूनच उघडायचं. उघडण्याचा क्रम आणि दिशा, आकड्यांशिवाय, कार्डावर लिहून तिजोरीच्या बाहेर ठेवली आहेत. चौथा स्क्रू तसाच राहू दिला आहे.